दोघेच बडोद्याला

मूल लहान असताना नवराबायकोने दोघांनीच कोठे जावे की नाही, या प्रश्नावर ज्याला त्याला मत असते आणि ते सांगितल्याशिवाय कोणाला राहवत नाही. आमचा बडोद्याचा बेत जिन्यात फुटला तेव्हा शेजारच्या काकू "अगबाई, आणि बाळ?" एवढेच म्हणाल्या; पण त्यांच्या स्वरावरून आम्ही चार वर्षांच्या पोराला जत्रेत सोडून पळून निघालो आहोत असेच कोणालाही वाटले असते. हिच्या मावशीने फोनवर कळवले की त्यांच्या वेळी असली थेरे नव्हती. त्यांच्या वेळी एका घरात अकरा माणसे होती आणि मूल कोणाच्या कडेवर आहे याचा पत्ता आईला संध्याकाळी लागत असे, ही गोष्ट मावशीबाईंच्या ध्यानातून गेली असावी.

निकाल लावला तो माझ्या आईने. "चार वर्षांत तुम्ही दोघं एकमेकांशी एक वाक्य पुरं बोललेला नाहीत. जा. नातवाला मी काही खाणार नाही," असे म्हणून तिने स्वतःच आमची बॅग माळ्यावरून काढून दिली. बॅगेबरोबर माळ्यावरचा एक लाकडी डबाही पुढे सरकला होता. तो आईने पाहिला, मी पाहिला, हिनेही पाहिला. आई स्टुलावरून उतरली आणि कोणी काही बोलले नाही.

त्या डब्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण बडोदे निवडण्याचे खरे कारण तोच होता. आमच्या सौभाग्यवतीने चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले आहे. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षे ती मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढीत असे. चिरंजीवांचा जन्म झाल्यावर रंगांचा डबा टेबलावरून कपाटावर गेला आणि चिरंजीवांनी एके दिवशी तांबड्या रंगाची नळी चाखून पाहिल्यावर कपाटावरून माळ्यावर. पुढे टेबलही गेले. त्या जागी त्यांच्या खेळण्यांचे कपाट आले. या साऱ्यावरून आमच्यात कधी वाद झाला नाही. तो झाला असता तर मला अधिक बरे वाटले असते. गेल्या महिन्यात एका प्रकाशकाचा फोन आला: लहान मुलांच्या गोष्टींचे पुस्तक आहे, चोवीस चित्रे हवीत, जमेल का? "विचार करून सांगते," असे ही म्हणाली. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचे होते, आणि आम्ही निघालो तो गुरुवार होता.

नंदलाल बोसांनी बडोद्यात भिंतींवर काढलेली चित्रे पाहायची, असे ती कॉलेजात असल्यापासून म्हणत होती. तेव्हा महाबळेश्वर आणि उटी हे दोन प्रस्ताव मी आपणहून मागे घेतले. शिवाय बडोदे मुंबईहून सुमारे ३९० किलोमीटर. रात्री बोरिवलीला गाडीत बसावे आणि उजाडायच्या सुमारास उतरावे. मूल घरी ठेवून जाणाऱ्याला असे अंतर बरे. फार लांब गेल्याची टोचणी नाही आणि रडण्याचा आवाज ऐकू येईल इतके जवळही नाही.

गाडीत हिला झोप लागली. मला लागली नाही. समोरच्या बाकावर ती भिंतीला अगदी चिकटून, अर्धी जागा मोकळी सोडून निजली होती. त्या मोकळ्या जागेत कोणी नव्हते. तरी वापीच्या पुढे केव्हातरी तिने झोपेतच हात लांब करून ती जागा चाचपली आणि पांघरुणाचा बोळा जवळ ओढून घेतला.

बडोद्याचे सरकारी नाव १९७४ पासून वडोदरा झाले. पण मराठी माणसाच्या तोंडी बडोदेच बसले आहे, आणि बसणारच. दांडिया बाजाराच्या बाजूला गेलात तर अजून मराठी कानावर येते. तिची चाल मात्र गुजराती. वाक्य आपल्या घरचे असते, शेवटची ओढ तेवढी शेजारणीची. मराठी साहित्य संमेलन या गावात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ असे चार वेळा भरले आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांना हा मान एकदाही मिळालेला नाही! सकाळी आठ वाजता एका दुकानात आम्ही चहा घेत होतो. आम्हाला आपसांत बोलताना ऐकून गल्ल्यावरच्या बाईंनी विचारले, "मुंबईचे का? दोघेच आले?" त्यांच्या प्रश्नात काही खोच नव्हती, पण हिने लगेच मोबाइल काढून चिरंजीवांचा फोटो दाखवला. आपल्याला मूल असल्याचा पुरावा ती पुढचे तीन दिवस असा जागोजाग सादर करीत होती.

पहिला दिवस राजवाड्याला दिला. लक्ष्मीविलास पॅलेस १८९० साली पुरा झाला. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुशिल्पकाराने त्याचा आराखडा केला. तो १८८१ मध्ये वारला आणि काम रॉबर्ट चिझम याने तडीस नेले. आपण बांधीत असलेल्या इमारती कोसळणार, हे भूत मँटच्या डोक्यात शिरले आणि त्यातच तो गेला, अशी एक कथा सांगतात. इमारत मात्र सव्वाशे वर्षांवर ताठ उभी आहे. घुमट मुसलमानी, छत्र्या राजपुती, कमानी कुठल्या कुठल्या, आणि मधूनच एखादा कोपरा थेट विलायतेतल्या देवळाचा. कागदावर हे कडबोळे वाटेल; प्रत्यक्षात ते शोभून दिसते, कारण समोर मैदान एवढे अफाट आहे की इमारतीला हवे तसे पसरायला कोणी मज्जाव केलेला नाही. गायकवाड घराणे आजही तेथे राहते. आपल्याला काही दालने तेवढी दाखवतात.

दाराशी एक यंत्र हातात देतात. ते कानाला लावले की ते बोलू लागते. दरबार हॉलमध्ये व्हेनिसच्या पद्धतीची नक्षीची फरसबंदी आहे, खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा आहेत. यंत्र हे सारे मोठ्या अदबीने सांगत होते. मग त्याने सयाजीरावांची कथा सुरू केली. ती तुम्हाला ठाऊक असेल. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी १८७५ मध्ये गादीवरून काढले. खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. आणि नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावातून गोपाळ नावाचा बारा वर्षांचा, धड अक्षरओळख नसलेला मुलगा बडोद्याला आणला गेला. इकडे कशाला आलास असे विचारल्यावर इतर मुलांनी काहीबाही सांगितले आणि हा म्हणाला, राज्य करायला, अशी आख्यायिका आहे. त्या मुलाने पुढे काय केले तेही प्रसिद्ध आहे. १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ पासून साऱ्या संस्थानात त्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. आपल्याला अक्षर उशिरा आले, ते रयतेच्या पोरांना वेळेवर यावे.

मी हे ऐकून भारावलो होतो. हिने कानावरचे यंत्र काढले आणि विचारले, "आणि त्याच्या आईचं काय झालं हो?"

"जमनाबाई ना? त्या पुढे..."

"ती नव्हे. कवळाण्याची."

यंत्र तोवर झुंबरांकडे वळले होते. त्या मुलाच्या जन्मदात्या आईचे नाव उमाबाई, एवढे मला वाचून ठाऊक होते, ते मी सांगितले. ही बराच वेळ त्या रंगीत खिडकीकडे पाहत राहिली. बारा वर्षांचे पोर. खेड्यातून आले, अंगावर एकाएकी जरीचे कपडे चढले, आणि रात्री त्या वाड्यात त्याला कोणी निजवले असेल? इतिहासाच्या पुस्तकात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

वाड्याच्या आवारातच महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. ही इमारत मूळची राजपुत्रांची शाळा. वाड्यातून शाळेत जायला त्या मुलांसाठी आमराईतून चालणारी छोटीशी आगगाडी होती! आमच्या चिरंजीवांना रिक्षेने बालवाडीत पोचवताना जी रणे माजतात ती आठवून आम्ही दोघेही एकदम हसलो. आणि चार वर्षांत प्रथमच, एकाच गोष्टीला एकाच वेळी हसलो, असे मला वाटून गेले.

आत राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत. सयाजीरावांनी १८८८ मध्ये त्यांना पुराणकथांवरची चौदा चित्रे सांगितली होती. दिवाणखान्यात टांगलेल्या छापील चित्रांमुळे आपण समजतो की रविवर्मा आपल्याला ठाऊक आहे. मूळ चित्रापुढे उभे राहिले की कळते, आपल्याला ठाऊक होती ती त्याची मळकी सावली. 'गंगा आणि शंतनू' पुढे आम्ही थबकलो. आठवे बाळ नदीत सोडायला गंगा निघाली आहे आणि शंतनू तिला अडवतो आहे. मी नेहमीप्रमाणे शंतनूच्या बाजूचा. ही म्हणाली, "सात वेळा तो गप्प उभा राहिला, ते चित्र कोणी काढलं नाही." मला त्यावर बोलण्यासारखे काही सुचले नाही. रंगांचा डबा माळ्यावर ठेवताना स्टूल मी धरले होते.

दुपारी मांडवीकडे गेलो. चार बाजूंनी रस्ते येऊन मिळतात त्या जुन्या चौकात मांडवीची कमानदार इमारत उभी आहे. तिच्या आसपास रिक्षा, फळांच्या गाड्या, भांड्यांची दुकाने यांचा असा काही घोळका असतो की इमारत पाहायला मान वर करावी तर पायावरून चाक जाईल. जवळच सेंट्रल लायब्ररी. १९१० साली सयाजीरावांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून सबंध संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले. पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. या इमारतीतल्या पुस्तकांच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून ही युक्ती. वरच्या मजल्यावर कोणी चालू लागले की डोक्यावरून पावलांच्या सावल्या सरकतात. पुस्तकांवर प्रेम असणाऱ्याने बडोद्यात एवढी एक वास्तू चुकवू नये. राजवाडा एक वेळ चुकला तरी चालेल.

रात्री घरी फोन लावला. पडद्यावर प्रथम आमच्या घरचे छत दिसले, मग चिरंजीवांचे अर्धे कपाळ, मग पुन्हा छत. "आई, मी आजीला पत्त्यांत हरवलं. आता मला वेळ नाही," असे सांगून कपाळ नाहीसे झाले. हिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. मूल रडले नाही म्हणून आईला रडू येते, हा प्रकार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तरी आईने नंतर हळूच सांगितले की निजताना त्याने एकदा विचारले होते, ते कधी येणार. एकदाच. आईने "रविवारी" म्हटले तर त्याने बोटे मोजली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

शनिवारी सकाळी कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ सयाजीरावांनी ही वास्तू बांधवली. पाच शिखरे आहेत आणि त्यांवर सूर्य, चंद्र आणि अखंड हिंदुस्थानच्या नकाशासह पृथ्वीचा गोल आहे. येथे येणाऱ्यांची फारशी गर्दी नसते; दार केव्हा उघडे असते याची आधी चौकशी करून जावे हे उत्तम. मधल्या दालनाच्या चार भिंतींवर नंदलाल बोसांची चार भव्य चित्रे आहेत. भारताच्या राज्यघटनेची मूळ प्रत ज्यांच्या देखरेखीखाली चित्रांनी सजली तेच हे नंदबाबू. ते १९३९ मध्ये येथे आले आणि अधूनमधून येत १९४६ पर्यंत चारी भिंती पुऱ्या केल्या. ज्यांनी बोलावले ते सयाजीराव १९३९ च्या फेब्रुवारीतच मुंबईत वारले होते. एका भिंतीवर गंगावतरण, दुसरीवर मीराबाईचे चरित्र, तिसरीवर रवींद्रनाथांच्या नाटकातली 'नटीर पूजा' आणि चौथीवर भारतीय युद्ध, अभिमन्यूचे.

येथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की चित्राकडे दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ पाहण्याची विद्या मला अवगत नाही. मी चारी भिंती पाहिल्या, त्या आवडल्या, आणि मग पाहून झाले. ही अभिमन्यूच्या भिंतीपुढे उभी राहिली ती उभीच राहिली. पाऊण तास झाला. मी बाहेर जाऊन शिखरे मोजून आलो, पहारेकऱ्याशी पावसापाण्याचे बोललो, त्याच्या दोन्ही मुलींच्या शिक्षणाची चौकशी केली आणि पुन्हा आत आलो. ही आता जमिनीवर मांडी घालून बसली होती. जवळ गेलो तर माझ्याकडे न पाहता म्हणाली, "रेषा बघा. कुठेही पुसून दुरुस्त केल्यासारखी वाटत नाही. घोडा, रथ, हात, सगळं एका दमात." मग थोड्या वेळाने, "आईच्या पोटात होता तेव्हा त्यानं आत शिरायचं ऐकलं. बाहेर पडायचं ऐकलं नाही." आणि मग, "पेन द्या."

मी खिशातून पेन आणि हॉटेलच्या बिलाचा कागद काढून दिला. पाठकोरा होता. तिने एका घोड्याची मान काढली. मग दुसऱ्या घोड्याची. कागद संपला तेव्हा तिने तो उलटा करून बिलाच्या आकड्यांमधल्या जागेत एक रथाचे चाक काढले. चार वर्षांत मी तिच्या हातात पेन पाहिले होते ते वाण्याच्या यादीसाठी आणि शाळेच्या डायरीत सही करण्यासाठी. त्या दीड तासात तिला एकदाही कोणी "आई, शू" म्हणून हाक मारली नाही. मूल बरोबर असते तर आम्ही ही चारही चित्रे पाहिली असती, त्यांपुढे त्याचे फोटोही काढले असते आणि वीस मिनिटांत आइस्क्रीमच्या शोधात बाहेर पडलो असतो. त्यात त्याचा काही दोष नाही. चार वर्षांच्या माणसाला नंदलाल बोसांपेक्षा आइस्क्रीम मोठे वाटते, आणि ते वाटावेच.

बाहेर आल्यावर पहिल्या दिसलेल्या दुकानात तिने चित्रकलेची वही आणि दोन पेन्सिली घेतल्या. पैसे तिने स्वतःच्या पाकिटातून दिले. मी हात पुढे केला होता, तो तिने बाजूला सारला.

दुपारी सयाजीबाग. जुने बडोदेकर तिला कमाटीबाग म्हणतात. १८७९ सालची ही बाग शंभर एकरांहून मोठी, मधून विश्वामित्री नदी वाहते. दाराजवळ सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा आहे. गाव त्याला काळा घोडा म्हणते, आणि मुंबईकराला उगीचच आपल्या गावी आल्यासारखे वाटते. विश्वामित्रीत मगरी आहेत. गप्प नव्हेत, खऱ्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा त्या वस्त्यांतून रस्त्यांवर आल्या होत्या आणि माणसे त्यांना दोरखंडांनी धरून परत पोचवीत होती. पुलावरून आम्ही अर्धा तास खाली पाहिले. एक ओंडका दिसला. तो हलला, असे शेजारचे तीन गृहस्थ शपथेवर सांगत होते.

बागेत एका जागेला संकल्पभूमी म्हणतात. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेला गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये ठरल्याप्रमाणे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले. ज्ञानाने लादून आलेल्या या माणसाला गावात उतरायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दाराशी आली आणि त्यांना बाहेर काढले. ओळखीच्यांनीही घरात ठेवून घेण्याची असमर्थता दाखवली. मुंबईची गाडी रात्रीची. तोवर वेळ काढायला ते या कमाटीबागेत येऊन बसले. त्या वेळी, निराधार झालेल्या मुलाला व्हावी तशी आपल्याला आईवडिलांची आठवण झाली, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेव्हा त्यांचे वय सव्वीस. आई तर ते पाच-सहा वर्षांचे असतानाच वारलेली. आम्हाला आदल्या सकाळी हॉटेलात ओळखपत्राखेरीज काही विचारले नव्हते. ती गोष्ट मी एरवी ध्यानातही ठेवली नसती. आम्ही तेथे बसलो तेव्हा आसपास मुले पळत होती, फुगेवाला शिट्टी वाजवीत होता. ही वही उघडून बसली होती. पण तिने तेथे काही काढले नाही.

बागेतल्याच संग्रहालयात, १८९४ च्या इमारतीत, एका निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. हा मासा १९४४ मध्ये माही नदीच्या मुखाशी आला आणि तेथेच अडकून मेला. लांबी सुमारे सत्तर फूट. आणि हे पिल्लू होते म्हणतात! बडोद्यातल्या मुलांना राजवाड्यातली झुंबरे आठवत नाहीत, हा मासा आठवतो. आम्ही गेलो तेव्हा एका शाळेची सहल आली होती. ही भिंतीला टेकून उभी राहिली आणि शेपटीकडून काढायला लागली. पाच मिनिटांत तिच्याभोवती पंधरा मुले. एक दोन वेण्यांची मुलगी बराच वेळ कागद आणि सांगाडा यांच्याकडे आळीपाळीने पाहत होती. तिने गुजरातीत सांगितले की एक बरगडी राहिली. मोजल्यावर खरेच राहिली होती. हिने ती काढली आणि त्या मुलीला विचारले, "आता?" मुलीने मान हलवली. प्रकाशकाने पाठवलेल्या कोणत्याही तपासनिसाने याहून चोख काम केले नसते.

बडोद्याचे खाणे हा स्वतंत्र विषय आहे आणि तो मी आटोपता घेतो. शेवउसळ ही आमच्या मिसळीची चुलतबहीण. तिच्याबरोबर पाव येतो, हिरवी पात येते, आणि डोळ्यांतून पाणीही येते. लीलो चेवडो म्हणजे हिरवा चिवडा; तो मऊ आणि गोडसर असतो. पहिल्या घासाला मराठी जीभ गोंधळते आणि चौथ्या घासाला पुडा संपतो. भाकरवडी मूळ कोणाची, पुण्याची की बडोद्याची, या वादात दोन्हीकडच्या नातलगांना दुखवण्याची माझी इच्छा नाही. आम्ही एक किलो घेतली.

रविवारी सकाळी गाडीला अवकाश होता, म्हणून विद्यापीठाच्या बाजूला चक्कर मारली. जुन्या बडोदे कॉलेजच्या इमारतीवरचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून घेतला आहे, तोही चिझमचाच. जवळ १९५० साली सुरू झालेले कलाशाखेचे महाविद्यालय. चित्रकलेचे पहिले प्रमुख नारायण श्रीधर बेंद्रे, इंदूरचे मराठी. सुट्टीमुळे फाटक बंद होते. गजांतून आत झाडाखाली पडलेले दगडाचे अर्धवट घडवलेले पुतळे दिसत होते. ही गजांना धरून उभी राहिली. मग वळून म्हणाली, "खेळण्यांचं कपाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागेल का हो?"

मी मनात मापे घेतली. फ्रिज चार बोटे सरकवावा लागेल. "लागेल," मी म्हणालो.

"रोज दोन तास. तो शाळेत असेल तेव्हा. आणि उरलं तर रात्री."

"रात्री मी निजवीन त्याला."

"तुम्ही त्याच्या आधी झोपता."

हे खरे असल्यामुळे मी गप्प राहिलो. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून तिने प्रकाशकाला फोन लावला. रविवारी कशाला, उद्या कर, असे मी खुणेने सांगत होतो. "चोवीस नाही, पहिली सहा आधी दाखवीन, ती पसंत पडली तर पुढची," एवढेच वाक्य मला ऐकू आले. हिशेबाची बोलणी तिने माझ्यापासून दूर जाऊन केली.

परतीची गाडी दिवसाची होती. भरुचला नर्मदा लागते. आमच्या डब्यातल्या आजीबाईंनी खिडकीपाशी हात जोडले. बाजूला १८८१ सालचा जुना गोल्डन ब्रिज उन्हात चमकत होता. हिने वहीत पुलाच्या दोनचार कमानी ओढल्या, मग मान टाकून झोपलेल्या एका गृहस्थांना काढले. ते गृहस्थ मी होतो, असे मला नंतर कळले.

सुरत सोडल्यावर घरून फोन आला. या वेळी पडद्यावर पुरा चेहरा होता.

"आई, मला काय आणलंस?"

"देवमासा."

पलीकडे क्षणभर शांतता. "केवढा?"

हिने डब्याच्या या दारापासून त्या दारापर्यंत नजर फिरवली. "जवळजवळ आमच्या गाडीच्या डब्याएवढा."

"मग आपल्या दारातून आत कसा येणार?"

"घडी घालून आणलाय," ती म्हणाली.